'किती मिळतील याचे?'

जुनं नाणं हातात आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती मिळतील याचे?" आकडा मोठा असेल तर नाणं लॉकरमध्ये जातं, लहान असेल तर भंगारात. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की घासून गुळगुळीत झालेलं, कळंक चढलेलं तांब्याचं नाणं ठेवावं की नाही हे ठरवायला भाव हा सगळ्यात निरुपयोगी निकष आहे. कारण उत्तर आधीच माहीत असतं. काही मिळत नाही.

मग ठेवायचं कशाला, असं कुणी म्हणेल. तेच सांगतेय.

आणि आत्ता सांगतेय, कारण घाई आहे. टेंभी नाका बाहेरच्यांना नवरात्रापुरता माहीत असतो. देवीची रांग, लायटिंग, ट्रॅफिक. इथे राहणाऱ्यांच्या तोंडी उरलेलं वर्षभर एकच विषय आहे, रिडेव्हलपमेंट. इमारत रिकामी करायची म्हणजे माळे रिकामे करायचे. आधी पुस्तकं रद्दीत जातात, मग तांब्या-पितळेची भांडी मोडीत, आणि सगळ्यात शेवटी निघतो एक पत्र्याचा डबा. त्यात बटणं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, एखादा देवाचा टाक आणि मूठभर नाणी. खाली टेम्पो उभा असतो, भाड्याच्या घराची चावी मिळालेली असते. त्या डब्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. भंगारवाला ती नाणी जुन्या गीझरच्या कॉइलबरोबर एकाच काट्यावर टाकतो. त्याच्या दृष्टीने तांबं ते तांबं, आणि त्याचं काही चूक नाही. चूक देणाऱ्याची आहे.

आमच्या आजीच्या डब्यात ३८ नाणी निघाली. तीन राणीछाप रुपये, नऊ शिवराया, तराजूछाप कंपनीचे दोन पैसे, अकरा भोकाचे पैसे, पाच पाव आणे आणि आठ ॲल्युमिनियमची चिल्लर. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. नऊपैकी चारांवर अक्षरं लागतात. बाकी पाच म्हणजे तांब्याच्या चकत्या.

"अगं, ठेवतेस कशाला? त्यावर काही दिसतसुद्धा नाही," मामा म्हणाला. ऑफिसातल्या मित्राने एका व्हिडिओची लिंक पाठवली: जुनी नाणी विका, घरबसल्या लाखो कमवा. शेजारच्या काकू चिंच घेऊन आल्या. आणि नाण्यांच्या एका प्रदर्शनात भेटलेल्या एका संग्राहकाने फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला आणि म्हणाला, "कंडिशन नाही."

व्हिडिओवाल्यांवर फार शब्द खर्च करायची इच्छा नाही. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, सगळ्यांना लाखांचा भाव. तुम्ही नंबर लावता, समोरचा आधी रजिस्ट्रेशन फी मागतो, मग टॅक्स, मग कमिशन. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं की आमचं नाव आणि लोगो वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी असे पैसे उकळले जात आहेत, आमचा याच्याशी काही संबंध नाही. पण या धंद्याने केलेलं मोठं नुकसान फसलेल्या पैशांचं नाही. प्रत्येक घरातल्या डब्याकडे लॉटरीचं तिकीट म्हणून बघायची सवय त्याने लावली. आणि तिकीट लागलं नाही की आपण ते फाडून टाकतो.

संग्राहकाचं बोलणं जास्त गंभीर आहे. तो फसवत नाही. त्याला नाणी कळतात, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडायला हवं.

'कंडिशन' मोजायची जी १ ते ७०ची पट्टी आज जगभर चालते, आणि जी आता आपल्या लिलावांच्या कॅटलॉगांतही दिसते, ती विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९मध्ये मांडली. कशासाठी? जुन्या अमेरिकन सेंट या तांब्याच्या नाण्यांसाठी. आणि तिचा मूळ हिशेब ऐकण्यासारखा आहे: १ नंबरचं नाणं एका डॉलरला जात असेल तर ७० नंबरचं सत्तर डॉलरला जावं. म्हणजे ही पट्टी जन्मापासूनच भावाची पट्टी आहे. नाण्याच्या तब्येतीचा आकडा म्हणून आपण जो वाचतो, तो मुळात किमतीचा गुणक होता. (याच शेल्डननं अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्या जागी हलकी ठेवल्याचं पुढे उघड झालं. पट्टीचा आणि माणसाचा संबंध जोडायचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आता ही पट्टी शिवराईला लावा. शिवराई हातोड्याने पाडलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर सगळी अक्षरं कधी उमटलीच नाहीत. पेशवाईत तर नागोठण्यासारख्या ठिकाणी खाजगी माणसांना टांकसाळीचे परवाने दिले गेले. प्रत्येकाचा ठसा वेगळा, खोदणाऱ्याचं शुद्धलेखन वेगळं. कुणाचा 'शिव' ऱ्हस्व, कुणाचा दीर्घ, कुणाचा चक्क 'सीव'. ही नाणी पेशवाई बुडाल्यावरही कितीतरी वर्षं बाजारात फिरली. अशा नाण्यावर 'ति' दिसत नसेल तर तो घासला गेला की मुळात पडलाच नव्हता, हे आधी ठरवावं लागतं. मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या पातळीला आणून अगदी तिरपा धरा. घासलेल्या अक्षराची सावली कुठेतरी पुसट पडते. न उमटलेल्या अक्षराच्या जागी कड सरळ कापल्यासारखी संपते. पट्टीला हा फरक कळत नाही. तिच्या लेखी दोन्ही 'कंडिशन नाही'.

पण माझा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. समजा अक्षर घासूनच गेलंय. मग?

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव बहुतेकांना इतिहासकार म्हणून माहीत असतं. ते गणिती होते. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे, आणि टाटा इन्स्टिट्यूटमध्ये असताना रोज डेक्कन क्वीनने मुंबईला जाणारे, म्हणजे रोज आपल्या ठाणे स्टेशनातून पास होणारे. १९४०च्या सुमारास त्यांनी प्राचीन आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेले चांदीचे तुकडे, वजन करायला घेतली. या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. नुसती चिन्हं. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, कसं सांगणार? कोसंबींचा विचार असा: नाणं हातोहात फिरतं तेव्हा दर वर्षी थोडंथोडं झिजतं. एका नाण्याचं वजन काही सांगत नाही, पण एका जातीच्या शेकडो नाण्यांची सरासरी काढली तर जी जात जास्त काळ चलनात होती ती जास्त हलकी भरते. हे खरं आहे का, ते तपासायला त्यांनी आपल्या काळातली चालू चिल्लरही गोळा करून तोलली. मग तक्षशिलेच्या साठ्यांतली नाणी वजनांवरून क्रमाने लावून दाखवली.

म्हणजे संग्राहक ज्याला दोष म्हणून भाव पाडतो, ती झीज हाच कोसंबींचा पुरावा होता. एकही हात न लागलेल्या करकरीत नाण्यांतून त्यांना तो क्रम लावता आला नसता. आमच्या भाषेत सांगायचं तर करकरीत नाणं म्हणजे इन्स्टॉल करून कधीच न चालवलेला प्रोग्रॅम. त्याचा लॉग रिकामा असतो. घासलेलं नाणं म्हणजे लॉगनं भरलेला सर्व्हर.

मराठीला हे फार आधीपासून कळलेलं आहे. झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं घेताना सराफ जी रक्कम कापायचा तो बट्टा. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच. नाणं वाजवून पारखणारा पोतदार आज अनेकांच्या आडनावात आहे. राणीछाप रुपयांवर किंवा त्याआधीच्या चांदीवर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा सापडतात. हे तपासलंय, चालेल, अशी ती सही असते. आजचा बाजार त्या खुणेला जखम समजतो आणि भाव कमी करतो. मला ती कुणीतरी कोडमध्ये ठेवलेली कॉमेंट वाटते.

आता काकूंची चिंच. इथे एक फरक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तो न केल्यामुळे सगळे घोटाळे होतात. झीज वेगळी, गंज वेगळा. झीज माणसांनी केलेली असते: बोटांनी, कनवटीने, थैलीतल्या शेजारच्या नाण्यांनी. गंज मातीने, हवेने, डब्याने केलेला असतो. झीज नाण्याच्या आयुष्यातली आहे, गंज ते निवृत्त झाल्यानंतरचा. झीज ठेवायची असते. गंज थांबवायचा असतो. आणि चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी प्रत्येक गोष्ट नेमकं उलटं करते. आम्ल कळंकाबरोबर खालचं तांबंही खातं. अक्षराच्या उरलेल्या कडा कळंकाच्या थरातच अडकलेल्या असतात, त्या थराबरोबर त्याही जातात. वजन बदलतं. नाणं गुलाबी, चकचकीत आणि मुकं होऊन बाहेर येतं. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग देवाची भांडी घासायचीच नाहीत की काय?" घासायची. भांडं रोज नवं होण्यासाठीच असतं.

सगळा हिरवा रंग वाईट नसतो, हेही कुणी सांगत नाही. घट्ट बसलेला, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे नाण्याची कातडी. तो आतल्या धातूचं रक्षण करतो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्याच थराखाली उभा आहे. घाबरायचं ते दुसऱ्या हिरव्याला. फिकट, पिठासारखा, ठिपक्याठिपक्यांनी येणारा, आणि ब्रशने झटकला तरी काही दिवसांत परत उगवणारा. तिथे आत क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश शिरलेला असतो. हवेतलं पाणी मिळालं की तो तांबं खातो, त्यातून पुन्हा तोच अंश मोकळा होतो आणि पुढचं तांबं खायला घेतो. जाणकार याला ब्राँझ डिसीज म्हणतात. खाडीच्या काठचं आपलं गाव, चार महिने पाऊस, भिंतींना ओल, पापड दोन तासांत मऊ. या हवेत असं नाणं 'नंतर बघू' म्हणून डब्यात ठेवणं म्हणजे निर्णय न घेता भंगारात देणं. ते वेगळं काढायचं, पूर्ण सुकवायचं, घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं. बुटाच्या खोक्यात येतात त्याच पुड्या. दर पावसाळ्यात त्या बदलायच्या. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात नाणं ठेवायचं नाही. ते प्लॅस्टिक काही वर्षांत स्वतःच सुटायला लागतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा सोडतं. घरी एवढंच जमतं, आणि बहुतेक नाण्यांना एवढं पुरतं.

मग सगळंच ठेवायचं का? मुळीच नाही. 'जुनं ते सोनं'वाल्यांशीही माझं भांडण आहे. डबा तसाच उचलून नव्या फ्लॅटच्या लॉफ्टमध्ये टाकणारे आणि डबा भंगारात देणारे यांच्यात फरक असलाच तर वीस वर्षांचा आहे. ज्या नाण्यावर काही वाचता येत नाही, जे कुठून आलं हे सांगणारं कोणी उरलेलं नाही, ज्याची जातही वजनावरून, आकारावरून ठरत नाही, ते जाऊ द्या. मला त्याचं सुतक नाही. टाइमस्टॅम्प नसलेला, मशीनचं नाव नसलेला लॉग कितीही मोठा असो, डिबगिंगला उपयोगाचा नसतो.

पण आमच्या त्या पाच गुळगुळीत चकत्या. मी आजीला विचारलं. आजी ८४ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण डबा समोर ठेवल्यावर तिने आधी त्याच पाच बाजूला काढल्या. "ही मापं आहेत," म्हणाली. तिच्या माहेरी, मुरबाडला, चलनातून गेल्यावर या शिवराया हळद-जिरं तोलायला पारड्यात पडायच्या. एक शिवराई हळद, दोन शिवराई जिरं. तागडीत पडून, उचलून, पुन्हा पडून त्या गुळगुळीत झाल्या. अक्षरं लागणाऱ्या ज्या चार, त्या देव्हाऱ्यात होत्या. म्हणून वाचल्या. मी काट्यावर पाहिलं तेव्हा पाचही वजनाने एकमेकींच्या बरीच जवळ निघाली. कुणीतरी निवडून एकत्र केल्याशिवाय हाताने पाडलेल्या नाण्यांची वजनं अशी जुळत नाहीत.

संग्राहकाच्या लेखी 'कंडिशन नाही' त्या पाच माझ्या लेखी डब्यातल्या सगळ्यात मोलाच्या आहेत. लागणाऱ्या चारसारख्या शिवराया संग्रहालयांत ढिगाने आहेत. हळद तोलणाऱ्या या पाच बाहेर कुठेच नाहीत. आणि हे कळायला खर्च काय आला? आजीला एक प्रश्न. तोही आत्ता विचारला म्हणून. नव्या इमारतीचा ताबा मिळेपर्यंत थांबले असते तर उत्तर द्यायला आजी असेलच असं नाही.

म्हणून माझा निकष हा: नाण्याला पत्ता आहे का? अक्षरांचा पत्ता, वजनाचा पत्ता किंवा माणसाचा पत्ता. तिन्हींपैकी एक असेल तर ठेवा, आणि ठेवताना तो पत्ता कागदावर लिहून नाण्यासोबत ठेवा. दोन्ही बाजूंचा तिरप्या उजेडातला फोटो, ग्रॅममधलं वजन, कोणाकडून आलं, त्या माणसाने काय सांगितलं, तारीख. नाणं एक, चिठ्ठी एक. फोटो फोनमध्ये राहिला तर तो पुढच्या फोनबरोबर जाईल. कागद टिकतो. हे सॉफ्टवेअरमधली बाई सांगतेय, तेव्हा ऐका.

"एवढं करून उपयोग काय, म्युझियम घेणार आहे का तुझ्या शिवराया?" मामाचा हा प्रश्न योग्य आहे. नाही घेणार. त्यांच्याकडे आहेत. म्हणूनच घराशिवाय त्यांना जागा नाही. १७८७मध्ये ठाण्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९चा ताम्रपट निघाला. इंग्रजांनी तो वाचून घेतला, छापला, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मजुरांनी तो तांब्याच्या भावाने विकला असता तर शिलाहारांच्या अभ्यासाची सुरुवातच वेगळी झाली असती. राजाच्या ताम्रपटाला वाचणारा मिळतो. हळदीच्या वजनाला नातवंडंच लागतात.

पाया खणण्यावरून आठवलं, आत्ता इथे जेसीबी रोजच खणतायत. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे जुन्या भिंतीतसुद्धा, दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यांचं ऑफिस कोर्ट नाक्याला, चालत पाच-दहा मिनिटांवर. लोक सरकार घेऊन जाईल या भीतीने गप्प राहतात आणि गुपचूप वितळवतात. एकत्र सापडलेला साठा फुटला की कोणतं नाणं कोणाबरोबर होतं ही माहिती कायमची जाते, आणि कोसंबींचं सगळं गणित त्या 'बरोबर'वर उभं होतं. शिवाय १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, तेव्हा न्यू जर्सीच्या चुलतभावाला भेट म्हणून सामानात टाकून पाठवू नका.

राणीछाप रुपयांवर आमच्या घरात अजून एकमत नाही. साडेअकरा ग्रॅमच्या वरचं वजन, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी, त्यामुळे त्यांना भाव आहेच, चेहरा असो-नसो. व्हिक्टोरियाचा चेहरा जवळजवळ गेलाय, कारण दर लक्ष्मीपूजनाला तिला रांगोळीने घासलंय. चिंचेवर एवढं बोलून मी यावर गप्प आहे, हे काकूंच्या लक्षात आलंय. पण ते रुपये अजून वापरात आहेत. त्यांची झीज चालू आहे आणि ती थांबवणारी मी कोण? मामाला त्यातला एक विकायचाय, शिफ्टिंगचा खर्च निघेल म्हणतो. विकू दे. फोटो, वजन आणि चिठ्ठी झाली आहे.

अकरा भोकाच्या पैशांपैकी दोन ठेवले. बाकी कुठून आले कुणालाच माहीत नव्हतं, ते गेले. ॲल्युमिनियमची आठ खालच्या मजल्यावरच्या मुलाला दिली. एक पैशाचं नाणं वाटीतल्या पाण्यावर अलगद आडवं ठेवलं तर तरंगतं, हे त्याने तासाभरात शोधून काढलं.